आप्पाजींच्या इंजिनाची ठिणगी

"त्यात काय, मी करतो" हे चार शब्द पद्मनाभने आयुष्यात दोनदा उच्चारले. पहिल्यांदा ऑफिसात, आणि त्या दिवशी एका बँकेची सगळी यंत्रणा अडीच तास झोपली. दुसऱ्यांदा सासुरवाडीला, बंगळुरातल्या बनशंकरी भागातल्या घरात, दसऱ्यानंतरच्या सोमवारी. बँकेचं प्रकरण निदान अडीच तासांत मिटलं होतं.

झालं असं, की येत्या रविवारी सासऱ्यांचं, म्हणजे आप्पाजींचं सहस्रचंद्रदर्शन होतं. आप्पाजींचं घराणं तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी घोड्यावर बसून बंगळूरला आलं आणि परत जायचं राहून गेलं. पद्मनाभ पुण्याहून विमानाने आला होता, त्यालाही आता चौदा वर्षं झाली. पण आप्पाजींच्या हिशेबी तो अजून पाहुणाच. लग्नाला बारा वर्षं होत आली, या काळात जावयाबद्दल त्यांनी काढलेला सगळ्यात मोठा गौरवोद्गार म्हणजे "जेवतो बरा." तोही संयोगिताकडे, म्हणजे त्यांच्या मुलीकडे, आणि पद्मनाभ हात धुवायला गेल्यावर.

तर सोहळ्याला काय द्यायचं यावर चर्चा चालली होती. आप्पाजींनी शाल नाकारली, चांदीचं ताट नाकारलं, तिरुपतीची सहल नाकारली. मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "माझं इंजिन चालू झालेलं एकदा ऐकायचंय. बाकी काय नको."

कुणी दुसरं काही सुचवायच्या आत पद्मनाभने वर सांगितलेले चार शब्द टाकले. आप्पाजींनी मान वळवून त्याच्याकडे आपादमस्तक पाहिलं आणि म्हणाले, "बघू की." या "बघू की"मध्ये काय काय होतं ते पद्मनाभला आठवडाभर पुरलं.

इंजिन म्हणजे मोटारीचं नव्हे. बोटीच्या मागच्या फळीवर बाहेरून अडकवतात ते. वर लोखंडी चाकाचं चपटं डोकं, मध्ये लांब पाय, खाली पाण्यात फिरणारा पंखा. आप्पाजी तलावांची खोली मोजणाऱ्या खात्यात बोट चालवायचे. एकतीस वर्षं हे इंजिन त्यांच्या हाताखाली, किंवा ते त्याच्या हाताखाली. निवृत्त होताना खात्याने ते भंगारात काढलं आणि आप्पाजींनी ते घरी आणलं. तेव्हापासून बावीस वर्षं ते देवघराशेजारी लाकडी घोडीवर उभं. अंगावर खणाचा तुकडा, गळ्यात हार. दर दसऱ्याच्या आयुधपूजेला घरातली शिलाई मशीन, विळी, स्कूटर आणि हे इंजिन, सगळ्यांना सासूबाई सकवारबाई स्वतःच्या हाताने हळदकुंकू लावायच्या. पाहुण्यांची लहान मुलं आधी देवाला आणि मग इंजिनाला नमस्कार करायची. पद्मनाभनेही सुरुवातीच्या काळात चुकून दोनदा केला होता.

आता हेही सांगायला हवं, की पद्मनाभ काही ऐरागैरा नव्हता. इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या एका मोठ्या कंपनीत तो "प्रिन्सिपल आर्किटेक्ट, रिलायबिलिटी" होता. यंत्रणा बंद का पडते हे शोधून काढायचा त्याला पगार मिळे. त्याची जाड, पांढरीशुभ्र व्हिजिटिंग कार्डं होती, त्यांवर हे सगळं उठावाच्या अक्षरांत छापलेलं होतं, आणि ती पाचशेच्या पाचशे शिल्लक होती. असा माणूस एका दोरीने चालणाऱ्या, एका सिलिंडरच्या, आपल्यापेक्षा वयाने मोठ्या इंजिनापुढे उभा राहिला तेव्हा त्याला वाटलं, मंगळवारी दुपारपर्यंत होईल.

मंगळवारी दुपारपर्यंत त्याचा खांदा निखळायच्या बेताला आला. इंजिन अंगणात काढलं, नवं पेट्रोल घातलं, चाकाला दोरी गुंडाळली आणि ओढली. काही नाही. चाळीस वेळा ओढली. चाळीस वेळा इंजिनाने "फुस्स" असा एक कंटाळलेला आवाज केला. दर फुस्सला चाकाखालून थोडी तांबडी भुकटी उडून त्याच्या शर्टावर बसायची. त्याने ती बोटाने चोळून पाहिली, वास न घेता नाक मुरडलं आणि लॅपटॉपवरच्या तक्त्यात नोंद केली : "गंज. मध्यम."

संध्याकाळपर्यंत इंटरनेटने त्याला सांगितलं, की आधी ठिणगी बघा. प्लग बाहेर काढायचा, त्याला वायर लावायची, प्लगचं लोखंड इंजिनाच्या अंगाला टेकवायचं आणि दोरी ओढायची. प्लगच्या टोकाशी निळी ठिणगी उडायला हवी. ती उडत नव्हती. पद्मनाभने बॅटरी कुठे आहे ते शोधलं. बॅटरी नव्हतीच. तेव्हा कुठे त्याला कळलं, की हे इंजिन आपली वीज आपणच बनवतं. चाकाच्या आतल्या बाजूला लोहचुंबक, त्याखाली तारेचं वेटोळं, आणि दोन बारीक धातूचे ठिपके, ज्यांना पॉइंट म्हणतात. चाक फिरलं की ठिपके एकमेकांना टेकतात, सुटतात, आणि सुटतात त्या क्षणी हजारो व्होल्टांची ठिणगी पडते. ना चार्जर, ना सेल, ना कुणाची परवानगी. पद्मनाभने लॅपटॉप मिटला आणि त्या तेलकट डोक्याकडे बराच वेळ बघत बसला. इतकी वर्षं आपण जी यंत्रं सांभाळली ती सगळी कुठेतरी भिंतीतल्या प्लगला चिकटलेली होती, हे त्याला पहिल्यांदाच जाणवलं आणि जरा लाजल्यासारखं झालं.

बुधवारपासून सल्लागार जमू लागले. बंगळूरच्या लोकांचा एक मोठेपणा आहे. स्वतःचं काम सोडून ते तुमच्याकडे मदतीला येतात आणि चहा घेतल्याशिवाय जात नाहीत. शेजारचे विश्वेश्वर वीज खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी कंपाउंडवरूनच निदान केलं, "अर्थिंग इल्ला." म्हणजे अर्थिंग नाही. पद्मनाभने नम्रपणे सांगितलं, की या इंजिनाला जमिनीतल्या अर्थिंगचा संबंध नाही, ते पाण्यावर चालतं. विश्वेश्वर म्हणाले, पाण्यात होतं तोवर पाण्याचं अर्थिंग होतं, आता काढलंत बाहेर, मग कसं चालेल? शेवटी एक लांब तांब्याची तार इंजिनापासून सकवारबाईंच्या तुळशीच्या कुंडीपर्यंत गेली, आणि माती ओली पाहिजे म्हणून विश्वेश्वर रोज सकाळी तुळशीला स्वतः पाणी घालू लागले. तुळस तरारली. इंजिन होतं तसंच राहिलं.

ऑफिसातला निहार व्हिडिओ कॉलवर आला. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, बंद करून परत चालू करून बघितलंस का? पद्मनाभने फोन ठेवला. स्वतः सकवारबाईंनी सुचवलं, की प्लग गॅसवर भाजून बघावा, आमच्या यजमानांच्या खात्यात सगळे तसंच करायचे. मग नवाकोरा प्लग चिमट्यात धरून वांग्यासारखा भाजला. स्वयंपाकघरात दिवसभर पेट्रोलचा वास राहिला आणि त्या दिवशीच्या हुळीलाही, म्हणजे सांबारालाही, लागला. आप्पाजी पोटभर जेवले. फक्त उठताना म्हणाले, "आज फोडणी जोरात हाय."

त्यातच इंजिन चालू झालं तर चालवायचं कुठे, हा प्रश्न उपटला. पद्मनाभला वाटलं, एखाद्या तळ्यावर दहा मिनिटांची परवानगी काढावी. तलावांचं बघणाऱ्या एका कार्यालयात तो गेला. तिथल्या बाईंनी अर्ज वाचून विचारलं, बोट कुठाय? बोट नाही, नुसतं इंजिन. मग नुसत्या इंजिनाला तळं कशाला? बरं, इंजिन चालू स्थितीत आहे का? नाही. चालू झाल्यावर या, म्हणाल्या. आणि चालू करून बघायचं झालं तर? त्याला आधी परवानगी लागेल. पद्मनाभने तीनदा हे वर्तुळ पूर्ण केलं आणि मग त्याला बाईंबद्दल आदरच वाटू लागला. इतकी निर्दोष यंत्रणा त्याने स्वतःही कधी बांधली नव्हती. परत येताना त्याने निळं प्लास्टिकचं पिंप आणलं. तळं नाही तर पिंप.

गुरुवारी वायर बदलली. शुक्रवारी प्लगची टोपी बदलली. चाकाच्या अंगाला लहानशी खिडकी होती, तीतून मोबाइलच्या उजेडात आत बघितलं तर सगळं तांबडंलाल. तक्त्यात "गंज. गंभीर" अशी नोंद झाली आणि गंज काढायच्या फवाऱ्याचा अख्खा डबा त्या खिडकीतून आत गेला. आता फुस्स आवाजही येईनासा झाला. चाक काढल्याशिवाय गत्यंतर नव्हतं, पण चाक निघेना. पद्मनाभने हातोडा उचलला मात्र, सकवारबाई आडव्या आल्या. म्हणाल्या, पूजेच्या वस्तूवर घाव घालायचा नाही. आप्पाजी व्हरांड्यात आरामखुर्चीत होते. हात हल्ली थरथरत म्हणून मांडीखाली दाबून बसलेले. पद्मनाभला त्यांचा राग आला. एकतीस वर्षं इंजिन चालवलेला माणूस आठवडाभर समोर बसतो आणि एक शब्द सांगत नाही, म्हणजे आपण हरावं असंच त्याला वाटतंय, याबद्दल त्याच्या मनात शंका उरली नाही.

शनिवारी सकाळी संयोगिताने त्याला हळूच सांगितलं, की नाही जमलं तर राहू दे, बाबांना काही वाटणार नाही. हे ऐकून मात्र तो पेटला. त्याने रिक्षा बोलावली. बंगळूरच्याच शिवाजीनगरात रघुजी नावाचा मिस्त्री आहे, त्याच्या हातून काही सुटत नाही, असं कुणीतरी म्हणालं होतं.

इंजिन निघताना सकवारबाईंनी त्याच्यावरून नारळ ओवाळला. हार सरळ केला. मग पद्मनाभच्या दंडाला हात लावून म्हणाल्या, "बाळा, स्वल्प जपून ने. ह्यांनी आणलं त्या दिवशी मला चाकाच्या खिडकीतून दाखवलं होतं, इथं त्याचा जीव हाय म्हणून. बावीस वर्षं सांभाळलाय मी तो." पद्मनाभने मान डोलावली. त्याचं लक्ष इंजिनाचा पाय रिक्षात कसा बसवायचा याकडे होतं.

रिक्षावाल्याने विचारलं, बोअरवेल का मोटर है क्या? वाटेत चार सिग्नलला चार जणांनी हेच विचारलं. पाचव्या सिग्नलला स्कूटरवरच्या एका आजोबांनी हार बघून इंजिनाला हात जोडले. इंजिन सीटवर ऐसपैस बसलं होतं आणि प्रिन्सिपल आर्किटेक्ट एका मांडीवर रिक्षाच्या कडेला लटकत होता. कुणीही पाहिलं असतं तर दोघांतला मोठा साहेब कोण हे लगेच कळलं असतं.

रघुजीचं दुकान म्हणजे दोन दुकानांमधली फट. सत्तरीचा, काटकुळा, कानात भिकबाळी, कपाळाला उभं गंध. पद्मनाभने लॅपटॉप उघडून तक्ता दाखवला. रघुजीने तो आदराने पाहिला आणि बाजूला ठेवला. इंजिनाच्या चाकावर पालथा हात ठेवला. ते सावकाश अर्ध्यावर फिरवलं. खाली वाकून खिडकीला नाक लावलं, डोळे मिटून एक लांब श्वास घेतला, आणि वर न बघता विचारलं,

"अण्णा, घरात पूजा कोण करतंय?"

पद्मनाभला वाटलं, म्हातारा ओळख काढतोय. म्हणाला, सासूबाई करतात. रघुजीने मान हलवली. "तूप आणि कापूर. दसरा झाला की महिनाभर माझ्याकडं हीच गिऱ्हाइकं." मग त्याने चाकावर एक तीन पायांचं अवजार बसवलं, मधला स्क्रू आवळला आणि स्क्रूच्या माथ्यावर एकच टिचकी मारली. टक्. पद्मनाभला दाद न दिलेलं चाक पिकल्या फणसाच्या गऱ्यासारखं अलगद हातात आलं.

आत गंज नव्हता. कुंकू होतं. थरावर थर, मध्ये हळदीच्या रेषा, तुपात बसलेलं, आणि त्यावर पद्मनाभच्या फवाऱ्याचं चिकट पाणी. बावीस दसऱ्यांची पूजा तिथे एकावर एक निजली होती. रघुजीने चष्मा कपाळावर चढवला, चिमट्याचं टोक त्या लाल चिखलात घातलं आणि दोन ठिपक्यांच्या बरोबर मधून काहीतरी ओढून पद्मनाभच्या तळहातावर ठेवलं. तांदळाचा एक दाणा. अक्षत. तांबडी, खडकासारखी कडक. तिने पॉइंटना एकमेकांना टेकूच दिलं नव्हतं.

पद्मनाभ त्या दाण्याकडे बघत राहिला. सहा दिवस, चारशे वेळा ओढलेली दोरी, तुळशीपर्यंत गेलेली तार, तक्त्यातल्या एकशे बारा ओळी, सगळं एका दाण्याने अडवून धरलं होतं. आणि या माणसाने ते वासावरून सांगितलं होतं. त्याला रघुजीच्या पाया पडावंसं वाटलं, खरंच वाटलं, पण जागा नव्हती.

रघुजीने बारीक पॉलिश कागदाने ठिपके घासले आणि मग म्हणाला, आता जाडसर, करकरीत नवं कार्ड पाहिजे, कुणाचं हाय काय? पद्मनाभने खिशातून आपलं व्हिजिटिंग कार्ड काढून दिलं. रघुजीने त्याची पट्टी फाडली, ठिपक्यांमधून दोनदा फिरवली. पट्टी काळी झाली, ठिपके चांदीसारखे झाले. पाचशेतलं पहिलं कार्ड कामाला आलं आणि तेही "रिलायबिलिटी" या शब्दाच्या बाजूने.

चाक बसलं. रघुजीने प्लग इंजिनाला टेकवून पद्मनाभला धरायला सांगितला, दोघांच्या डोक्यावरून गोणपाट ओढून अंधार केला आणि दोरी खेचली. टिक्. प्लगच्या टोकाशी एक निळा कण जन्मला आणि विझला. इतका लहान, आणि असा निळा, की पद्मनाभ आणखी पुढे वाकला. "परत," तो म्हणाला. रघुजीने परत ओढली. तिसऱ्या खेपेला पद्मनाभचं बोट सरकलं आणि कोपरापर्यंत सणसणून झटका बसला. गोणपाटातून बाहेर आला तेव्हा तो हसत होता आणि त्याचे डोळे भरले होते. रस्त्यावरच्या लोकांनी त्याला वाट करून दिली.

परतीच्या रिक्षात त्याने पहिलं काम काय केलं असेल, तर कुंकवाच्या थरांचा फोटो घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायला घेतला. खाली लिहिलं, "मूळ कारण सापडलं." का नाही लिहायचं? आठवडाभर मान खाली घालून जेवलेला माणूस तो. चूक त्याची नव्हती, हे आता पुराव्यासह सिद्ध होतं. अंगठा बटणावर गेला आणि दंडावर सासूबाईंचा हात असल्यासारखं वाटलं. बावीस वर्षं सांभाळलाय मी तो. ती बाई दर वर्षी वाकून, त्या खिडकीतून, नवऱ्याच्या इंजिनाच्या जिवाला कुंकू लावत आली. आणि आपण तिला काय सांगणार, की तुम्हीच त्याचा गळा धरला होता? पद्मनाभला आपलीच शरम वाटली. त्याने फोटो पुसून टाकला आणि दाणा रुमालात बांधला.

रविवारी होमहवन झालं. आप्पाजी नव्या धोतरात अंगणात आले. इंजिन पिंपाच्या काठाला फळीवर बसवलं होतं, पंखा पाण्यात. बिघाड कुठं होता, असं त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं. सकवारबाई शेजारीच उभ्या होत्या.

"माझीच चूक होती," पद्मनाभ म्हणाला. "बंद करायच्या बटणाची वायर मी पहिल्याच दिवशी इंजिनाच्या अंगाला टेकवून ठेवली होती."

"अर्थिंग!" विश्वेश्वर कडाडले. "मी काय सांगत होतो?" तेव्हापासून आजतागायत ते ही गोष्ट गल्लीत सांगतात, आणि पद्मनाभ समोर असेल तर त्याच्याकडून होकार घेतात.

आप्पाजी म्हणाले, "असं?" आणि दोरी हातात घेतली. थरथरता हात दोरीवर आला आणि थरथर थांबली, हे पद्मनाभने स्वतः पाहिलं. पहिला हिसका. दुसरा हिसका. तिसऱ्याला इंजिन खोकलं, निळा धूर ओकलं आणि धडधडत सुटलं. पिंपातलं पाणी उसळून निम्म्या पाहुण्यांच्या रेशमी साड्यांवर गेलं. कुणी हललं नाही. आप्पाजी डोळे मिटून, एका हाताने मूठ धरून उभे होते, आणि त्या आवाजात त्यांचं तळं, त्यांची बोट, सगळं काही होतं, हे पुण्याहून आलेल्या जावयालाही कळत होतं. त्याला एवढंच वाटलं, की हे बंद होऊ नये.

पाच मिनिटांनी आप्पाजींनी ते बंद केलं. सकवारबाई तबक घेऊन पुढे आल्या. नवऱ्याला ओवाळलं. मग सवयीने कुंकवाची चिमूट घेऊन, वर दोन अक्षता ठेवून, इंजिनाच्या खिडकीकडे वाकल्या. पद्मनाभचा हात आपोआप पुढे गेला आणि खिडकीवर बसला. आणि त्याच क्षणी त्याच्या हातावर दुसरा हात येऊन बसला. तो आप्पाजींचा होता.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"गरम हाय, भाजेल," आप्पाजी बायकोला म्हणाले. "बंद इंजिनाची गोष्ट वेगळी. चालत्या इंजिनाला वरनंच लावायचं असतंय." सकवारबाईंना ते पटलं. त्यांनी चाकाच्या माथ्यावर ठसठशीत टिळा लावला आणि पाहुण्यांना वाढायला आत गेल्या.

अंगण रिकामं झालं. आप्पाजी पिंपाकडे बघत हळू आवाजात म्हणाले, "तांदूळ किती निघाले?"

पद्मनाभने खिशातला रुमाल चाचपला. "एक."

"मला वाटलं होतं, दोन तरी असतील."

"तुम्हाला माहीत होतं?"

"एकतीस वर्षं चालवलंय मी." आप्पाजींनी देवघराच्या दिशेने पाहिलं. "तिच्या डोळ्यांदेखत मी कसं उघडू? जीव दाखवला मी, जपला तिनं. तुम्ही आज खरं सांगितलं असतं ना, तर मी इंजिन परत आत नेऊन ठेवलं असतं, न चालवता." मग त्यांनी तळहात पुढे केला. "आणा."

पद्मनाभने रुमाल सोडून दाणा त्यांच्या हातावर ठेवला. आप्पाजींनी तो चिमटीत धरला, उजेडात फिरवून पाहिला आणि जावयाच्या डोक्यावर टाकला.

पद्मनाभने तीन दिवस डोक्यावरून पाणी घेतलं नाही, असं संयोगिता सांगते. त्याचं कारण तिने पुष्कळदा विचारलंय. तो अजून सांगत नाही.